अकोल्याच्या वंदनाताईंचा हेवा

या अंकासाठी संपादकांचा फोन आला तेव्हा मी निवांत होते. ते म्हणाले, "मॅडम, तीस वर्षं नोकरी न करता तुम्ही नुसत्या लिहिण्यावर काढलीत. उत्साह कसा टिकवलात, लेखणीला धार कशी लावत राहिलात, ते लिहा. नव्या मुलांना उपयोग होईल."

त्यांना काय हवं होतं ते माझ्या लक्षात आलं. पहाटेचं फिरणं, रोज चाळीस पानं वाचन, नियमाने रोजनिशी. यातलं मी काही करत नाही. फिरायला गेले की गुडघे बोलतात. रोजनिशी दर जानेवारीत आठ-नऊ दिवस चालते आणि मग तिच्यात दुधाचा हिशेब सुरू होतो. खरं उत्तर वेगळं आहे, आणि ते छापायला संपादक तयार होतील की नाही, ठाऊक नाही. खरं उत्तर असं, की मला अकोल्याच्या एका बाईंचा हेवा वाटतो. गेली नऊ-दहा वर्षं वाटतो आहे. माझ्या लिहिण्यात जी काही सुधारणा झाली ती त्या हेव्यामुळे झाली, आणि आयुष्यात मी एकच नीच काम केलं, तेही त्याच हेव्यापायी.

आधी माझा धंदा काय ते सांगते, कारण अमरावतीत आजही लोक मला "तुम्ही पेपरात असता ना?" असं विचारतात. मी पेपरात नाही. मी लोकांची मानपत्रं लिहिते, शाळा-पतसंस्थांच्या स्मरणिका करते आणि घरच्या माणसांवरची पुस्तकं लिहून देते. कुणाच्या वडिलांची पंचाहत्तरी असते, कुणाची आई जाऊन वर्ष होत असतं. मुलांना वाटतं एक पुस्तक निघावं. मग मी त्यांच्या घरी जाते, चार-सहा दिवस मुलाखती घेते, लिहिते, छापून आणून देते. पुस्तक पाहुण्यांना वाटतात. दुकानात ते कधीच जात नाही. मानपत्राचं तंत्र निराळं. ते चौकटीत बसतं आणि एका दमात वाचता यावं लागतं, कारण वाचणारा बहुधा दमेकरी मुख्याध्यापक असतो.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. कॅम्पातल्या एका निवृत्त साहेबांनी स्वतःची श्रद्धांजली माझ्याकडून जिवंतपणी लिहवून घेतली. "मागून पोरं काहीबाही लिहितील, तुमच्या हातची असलेली बरी," म्हणाले. त्यानंतर दर दसऱ्याला सोनं द्यायला येतात आणि सांगतात, "यंदा नातू इंजिनियर झाला, तेवढं घाला." श्रद्धांजली आता पाच पानांची झाली आहे आणि साहेब ठणठणीत आहेत. आणखी दोघे भाऊ होते. वडिलांच्या पुस्तकात थोरल्याचं नाव किती वेळा आलं आणि धाकट्याचं किती, हे त्यांनी पेन्सिलीने खुणा करून मोजलं. धाकट्याचं दोनदा कमी भरलं. मी त्याला विहिरीच्या आणि बैलाच्या प्रकरणात घुसवला, तेव्हा कुठे पुस्तक छापखान्यात गेलं.

या कामात माझं नाव होतं. जिल्ह्यात कुठेही सत्कार असो, मानपत्र माझं. मी एम. ए. मराठी. घरी आई अस्सल वऱ्हाडी बोलायची, पण मी कॉलेजात असतानाच 'मले-तुले' सोडून दिलं आणि लिहिताना तर त्याचा वासही येऊ दिला नाही. माझ्या पुस्तकात शुद्धलेखनाची चूक दाखवा, असं मी उघड सांगत असे.

नांदगाव खंडेश्वरच्या भास्कररावांनी त्यांच्या वडिलांचं पुस्तक माझ्याकडून करवून घेतलं होतं. चांगलं शेतकऱ्याचं घर, बागाईत वावर, वडील पंचायत समितीवर होते. मी त्यांच्याकडे चार दिवस राहिले. पुस्तकाचं पहिलं वाक्य मला आजही पाठ आहे, कारण तेव्हा त्याचा फार अभिमान होता: 'कै. रामरावजी म्हणजे कर्तृत्वाचा विशाल वटवृक्ष, ज्याच्या शीतल छायेत अनेकांचे जीवन बहरले.' प्रकाशनाला मंडप भरला होता. हे वाक्य वाचलं तेव्हा टाळ्या पडल्या.

दोन वर्षांनी भास्करराव अमरावतीला कामासाठी आले आणि मला भेटायला घरी आले. मधल्या काळात त्यांची आई गेली होती. त्यांनी पिशवीतून एक पातळसं पुस्तक काढून माझ्या हाती दिलं.

"आईचं काढलं, म्याडम. अकोल्याच्या वंदनाताई म्हणून हायेत, त्याईनं लिहिलं. साळ्यानं नाव सुचवलं होतं. तुमी तवा स्मरणिकेच्या कामात होत्या."

मी स्मरणिकेच्या कामात नव्हते. पण मी हसून म्हटलं, "छान केलंत."

भास्करराव सरळ माणूस. त्यांच्या मनात काही नव्हतं. ते म्हणाले, "बाबांचं पुस्तक शोकेसमधी हाय. प्लास्टिकचं कव्हर घातलं त्याले. या पुस्तकाचं मात्र कव्हर फाटलं पाहा. बहीण घेऊन गेल्ती, मंग मावशी घेऊन गेली. हे तिसरं हाय."

ते गेल्यावर मी उभ्या-उभ्याच पुस्तक उघडलं. पहिलं पान असं होतं:

'आमच्या घरी सहा खुर्च्या होत्या. आई कोन्या खुर्चीवर बसे, हे तिच्या तेरवीच्या दिवशी आमी आठवून पाह्यलं. कोनालेच आठवलं नाही. मंग मोठ्या बहिणीच्या ध्यानात आलं, का आई खुर्चीवर बसलीच नाही कधी. चहासुद्धा ती उभ्यानंच पेली.'

मी खाली बसले. वाक्य चांगलं होतं म्हणून बसले असं नाही. त्या घरात मी स्वतः चार दिवस होते. भास्कररावांच्या आईंनी दिवसातून तीनदा मला चहा आणून दिला होता, आणि मी बशी खाली ठेवेपर्यंत त्या दाराच्या चौकटीला टेकून, स्वतःचा कप हातात धरून, उभ्या असायच्या. मी ते रोज पाहिलं होतं. वंदनाताई तर त्या बाईंना भेटल्याही नव्हत्या. बाई गेल्यानंतर वंदनाताई त्या घरी आल्या आणि जे मी डोळ्यांनी पाहिलं ते त्यांनी लिहिलं. माझ्या वह्यांत त्या चार दिवसांचं काय होतं? रामरावजींनी भूषवलेली पदं.

हेवा म्हणजे काय ते मला तोवर माहीत होतं असं मी समजत होते. कुणाला पुरस्कार मिळाला की जरा टोचायचं, मग विसरायला व्हायचं. हे तसं नव्हतं. हे जेवताना यायचं, भाजी निवडताना यायचं. मी ओळखीपाळखीतून, खोटीनाटी कारणं सांगून, वंदनाताईंनी लिहिलेली पाच-सहा पुस्तकं मिळवली. दुपारी यजमान झोपले की मी ती वहीत हाताने उतरवून काढू लागले. पानंच्या पानं. कुठे गुपित आहे ते सापडेल म्हणून. यजमानांनी एकदा वही पाहिली आणि म्हणाले, "अगं, दुसऱ्याचं लिहिलेलं पुन्हा कशाला लिहितेस?" मी म्हटलं, "अक्षर सुधारते आहे." साठीला आलेल्या बाईचं हे उत्तर त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतलं.

उतरवताना एक गोष्ट लक्षात आली. त्यांच्याकडे विशेषणं जवळजवळ नसायची. कुणी थोर नाही, कुणी प्रेमळ नाही. मग मीही ठरवलं, विशेषणं काढायची. एका बँक मॅनेजरच्या निवृत्तीचं मानपत्र मी तसं कोरडं लिहून दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि चेहरा पाडून विचारलं, "म्याडम, हे मानपत्र हाय का बदलीचा आदेश?" मी निमूटपणे 'ऋजू', 'सेवाव्रती' आणि 'अजातशत्रू' परत घातले. विशेषण काढल्यावर त्या जागी काहीतरी पाहिलेलं लागतं, आणि माझ्याजवळ ते नव्हतं. हे मला तेव्हा समजलं नाही. मला फक्त एवढंच कळलं की त्या बाईंना जमतं आणि मला जमत नाही.

आता त्या नीच कामाबद्दल.

धारणीकडच्या एका आश्रमशाळेत एक गुरुजी सारी हयात शिकवत राहिले. निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली होती, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्या माजी विद्यार्थ्यांनी समिती केली आणि गुरुजींवर मोठा ग्रंथ काढायचं ठरवलं. समितीचे अध्यक्ष देवीदासजी, निवृत्त नायब तहसीलदार. ते मला एका सत्कारात भेटलेले. एका सकाळी त्यांचा फोन आला.

"म्याडम, एक सल्ला पाहिजे. आमच्या पुस्तकासाठी अकोल्याच्या वंदनाताईचं नाव आलं हाय. आमी त्याईले हो म्हणून राहिलो. तुमी या लाइनीतल्या जुन्या. कशा हायेत त्या?"

सल्ला! मला काम विचारायला फोन नव्हता केला. तिच्याबद्दल विचारायला केला होता.

मी म्हटलं, "चांगल्या आहेत की." मग थोडी थांबले. थांबणं हेही एक बोलणंच असतं, हे मुलाखती घेऊन घेऊन मला पक्कं ठाऊक आहे.

"का हो?" देवीदासजींनी विचारलं.

"नाही, विशेष काही नाही. भाषा जरा गावठी असते त्यांची. तुमचा ग्रंथ विद्यापीठात, ग्रंथालयात जाणार. आणि मुदतीचं तेवढं पाहून घ्या. कार्यक्रमाची तारीख ठरलेली आहे ना तुमची?"

वंदनाताईंनी एकही मुदत चुकवल्याचं मी कुणाकडून ऐकलं नव्हतं. ते वाक्य माझ्या तोंडातून इतकं सहज आलं की मलाच आश्चर्य वाटलं. दुसऱ्या दिवशी देवीदासजींनी काम मला दिलं. त्या संध्याकाळी मी यजमानांना घेऊन राजापेठेत गिला वडा खायला गेले. दोन प्लेटी खाल्ल्या. लाज वाटली का, असं कुणी विचारेल तर नाही, तेव्हा वाटली नाही.

वर्षभरात धारणीला मी तीनदा गेले. परतवाड्यावरून सेमाडोह, हरिसाल करत एसटी वळणं घेत जाते, आणि उतरेपर्यंत माणसाचं अंग मोडून येतं. गुरुजी गावाच्या टोकाला दोन खोल्यांत राहत. बायको होती, शब्दाला शब्द न बोलणारी. गुरुजी तिच्याहून कमी बोलत.

मी विचारलं, "आपली प्रेरणास्थानं कोणती?"

"प्रेरणा कायची बाई? नोकरी लागली, आलो."

"आदिवासी मुलांना शिक्षणाच्या प्रवाहात आणताना कोणती आव्हानं आली?"

त्यांनी बराच वेळ अंगणाकडे पाहिलं. "पोट्टे शिकले," म्हणाले.

तीन फेऱ्यांत माझ्या वहीची अकरा पानंही भरली नाहीत. बाकीचं मी विद्यार्थ्यांच्या लेखांवरून लिहिलं. त्यात ज्ञानगंगा होती, दीपस्तंभ होता, काळोख चिरणारा सूर्य होता. अडीचशे पानांचं हस्तलिखित टाईप करून मी चौथ्यांदा धारणीला गेले आणि गुरुजींच्या हाती दिलं. त्यांनी ते ठेवून घेतलं आणि आठ दिवसांनी बोलावलं.

गुरुजींनी हस्तलिखित गुडघ्यावर ठेवलं होतं.

"बाई, शुद्धलेखनाची एक चूक नाही. मी पेन्सिल घेऊन बसलो होतो, पेन्सिल टेकवायले जागा नाही भेटली. पण हा माणूस कोण हाय?"

"म्हणजे?"

"हा पुस्तकातला. हा जर मले रस्त्यात भेटला असता, तर मी याच्याशी बोललो नसतो. छापू नका." त्यांनी गठ्ठा माझ्याकडे सरकवला. मग माझी समजूत घालावी तसं म्हणाले, "तुमचा दोष नाही. समितीवाले पहिले अकोल्याची एक बाई आणणार होते. पण तिले मुदत पाळता येत नाही म्हणे. तुमी तर तारखेच्या आधी लिहिलं. तुमी मेहनती हाय."

परतीच्या एसटीत सेमाडोहच्या पुढे मला ओकारी झाली. घाटामुळे झाली असं मी शेजारणीला सांगितलं.

कार्यक्रमाला दोन महिने होते. मी आठवडाभर घरात बसून राहिले. मग एक दिवस अकोल्याची बस धरली. मनात एवढंच होतं की वंदनाताईंना भेटायचं, वडीलधारेपणाने गोड बोलायचं आणि त्या मुलाखत कशी घेतात ते काढून घ्यायचं. कबुली द्यायचा माझा विचार नव्हता.

डाबकी रोडला त्यांचं घर. घराच्या पुढच्या अंगाला भाजीचं दुकान. त्या माळ्याच्या घरातल्या, माहेरी मळा, सासरी दुकान. बारावीपर्यंत शिकलेल्या. माझ्याहून दहा-अकरा वर्षांनी लहान. दुकानात बसून मेथी निवडत होत्या. मी नाव सांगितलं तशा उठून उभ्या राहिल्या, हात पदराला पुसले.

"तुमाले कोन नाही ओळखत म्याडम? बसा ना. चहा टाकते."

चहा झाला. गिऱ्हाइकं येत होती, जात होती. प्रत्येकाशी त्यांचं बोलणं चालू होतं: कुणाच्या सुनेचं ऑपरेशन, कुणाचा जावई परत आला का. मी समोर बसून मेथी निवडू लागले. तासभर मी इकडचं तिकडचं बोलले. शेवटी त्याच म्हणाल्या, "तुमचं धारणीचं पुस्तक कसं चालू हाय? ते काम पहिले माह्याकडे येणार होतं. मंग त्याईनं नाही म्हटलं."

त्या तक्रार करत नव्हत्या. पण मला आता लपवता येईना. मी सांगून टाकलं. देवीदासजींचा फोन, माझं थांबणं, गावठी भाषा, मुदत, सगळं.

वंदनाताईंनी हातातली जुडी खाली ठेवली.

"म्या मुदत चुकवली, असं म्हणल्या तुमी?"

"हो."

"काहून?"

आई असंच विचारायची, 'काहून' म्हणजे 'का'. "मले तुमचा हेवा वाटला," मी म्हणाले. 'मले' म्हणाले. चाळीस वर्षांनी तोंडात आलं.

त्या उठून आत गेल्या. मला वाटलं, आता बाहेर येणारच नाहीत. पण आल्या, हातात कागद होते. "ते तहसीलदार तेवढ्यावर नाही थांबले म्याडम. त्याईनं परतवाड्याले सांगतलं, परतवाड्यानं अचलपूरले. दोन कामं गेली. पण कामाचं जाऊ द्या. मले वाटलं, माह्या लिहिण्यातच खोट हाय. भाषा गावठी हाय म्हणे. मंग म्या भाचीचं व्याकरणाचं पुस्तक आणलं. तुमचं नांदगावचं पुस्तक आणलं. सालभर तसं लिहायले शिकून राहिली. हे पाहा."

मी कागद घेतला. एका भाजीवाल्या म्हाताऱ्यावर लिहिलेलं होतं. 'कै. सदाशिवजी म्हणजे कष्टाचा अथांग सागर, ज्याच्या लाटांवर...' पुढे वाचवेना. माझीच नक्कल होती, आणि वाईट होती.

इथे मी खरं लिहायचं कबूल केलं आहे, म्हणून लिहिते. ते पान वाचताना पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. आतून गार वाटलं. आता ही माझ्यासारखी झाली, असं वाटलं. तो क्षण फार लहान होता, पण होता. त्याच्यामागून जे आलं ते इतकं जड होतं की मला मान वर करता येईना.

"फाडा हे," मी म्हटलं.

"म्या काहून फाडू? तुमच्याचमुळं लिहिलं. तुमीच फाडा."

मी फाडलं. दुकानात एक गिऱ्हाईक पालक हातात घेऊन उभं होतं, ते आमच्या दोघींकडे पाहत राहिलं.

"आता फोन लावा," वंदनाताई म्हणाल्या. "तहसीलदारले. आत्ता. माह्यासमोर. स्पीकरवर."

मी लावला. देवीदासजींना म्हटलं, "वंदनाताईंबद्दल मी जे बोलले ते खोटं होतं. त्यांनी एकही मुदत चुकवलेली नाही. ज्यांना ज्यांना तुम्ही हे सांगितलं असेल, त्यांना हेही सांगा." मग ते म्हणाले, "बरं... पण म्याडम, आपल्या पुस्तकाचं काय?"

वंदनाताईंना हसू आलं असेल असं मला वाटलं. त्या हसल्या नाहीत. मी फोन ठेवून म्हटलं, "तुम्ही धारणीला चला. पुस्तक तुम्हीच लिहा. मी समितीशी बोलते."

"मी नाही येत. तुमचं उष्टं काहून खाऊ? तुमचं काम तुमी करा." मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता, त्यांनी विचारलं, "गुरुजीले इचारता काय तुमी?"

मी वही दाखवली. त्यांनी प्रश्न वाचले.

"हे त्याईले माहीत नाही. प्रेरणा, आव्हान. हे पुस्तकातलं हाय. त्याईले जे माहीत हाय ते इचारा. सकाळी उठल्यावर पहिले कुठी जात? पावसाळ्यात धोतर कुठी वाळे? कोन्या पोट्ट्यानं छळलं? आन मंग गप बसा. तुमी गप नाही बसत म्याडम. तासाभरापासून पाहून राहिली."

निघताना मी त्यांच्या पाया पडावं असं काही झालं नाही, आणि त्यांनी मला माफ केलं असंही नाही. "या," एवढंच त्या म्हणाल्या. बसस्टँडपर्यंत रिक्षात मला राग येत होता, स्वतःचा निम्मा आणि त्यांचा निम्मा. हे इतकं सोपं होतं आणि ते तिला ठाऊक होतं!

धारणीला सहाव्यांदा गेले. गुरुजींना म्हटलं, "ते पुस्तक मी टाकून दिलं. मला एवढंच सांगा, शाळेत असताना सकाळी उठून तुम्ही पहिले कुठे जायचे?"

"वसतिगृहाच्या मागच्या बाजूले," ते लगेच म्हणाले.

मी गप्प बसले. फार कठीण जातं ते.

"राती कोण पळालं ते पाहाले. मागून कुंपण तुटकं होतं. नवीन पोट्टे पळत. घरची याद येई. मी त्याईच्या गावाले चालत जावो. जंगलातून. सापडलं का घेऊन येवो. पोट्टं शाळेत तोंड उघडत नसे, पण रस्त्यानं बोले. कोरकूत बोले. मी रस्त्यानंच शिकलो कोरकू. शाळेत शिकवायचं ते मी रस्त्यातच शिकवलं म्हणा ना."

त्यांची बायको दाराशी येऊन उभी राहिली होती. ती पहिल्यांदाच बोलली. "फुलवंतीचं सांगा."

गुरुजी अंगणाकडे पाहू लागले. मीही. अंगणात कोंबड्या हिंडत होत्या. मग गुरुजी म्हणाले, "एक पोरगी होती. हुशार. तीनदा पळाली, तीनदा आणली. चौथ्यांदा पळाली तवा मले ताप होता. म्हटलं, उद्या जाऊ. उद्याचं परवा झालं. मंग तिच्या बापानं लग्न लावलं." त्यांनी दाराशी आलेली कोंबडी हाकलली. "आता बसस्टँडवर चहाचं दुकान हाय तिचं. मले पाहून हाका मारते, गुरुजी या, बसा. मी मागच्या गल्लीनं जातो. लाज वाटते."

मी तिथे बारा दिवस राहिले. त्यांच्या ओसरीवर बसले, बसस्टँडवर चहा घेतला, फुलवंतीशी बोलले. तिने सांगितलं, "गुरुजी इकडून येतच नाही. रागावले असतील, मी शिकली नाही म्हणून." हे मी तसंच लिहिलं. गुरुजींचं पान आणि तिचं पान समोरासमोर ठेवलं, मध्ये माझा एक शब्द नाही. पुस्तक अडीचशे पानांचं राहिलं नाही, नव्वदाचं झालं. देवीदासजी नाराज झाले. त्यांना जाड ग्रंथ हवा होता. गुरुजींनी वाचलं आणि विचारलं, "हे मी बोललो होतो?" मी हो म्हटलं. "मंग छापा," म्हणाले.

कार्यक्रमाच्या दिवशी फुलवंती पहिल्या रांगेत बसली होती. गुरुजी व्यासपीठावर जायच्या आधी तिच्यासमोर थांबले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. मी जवळ जाऊन ऐकायचा प्रयत्नही केला, लबाडी काही माणसातून जात नाही, पण ते कोरकूत बोलत होते.

एक प्रत मी अकोल्याला टपालाने पाठवली. महिना झाला, उत्तर नाही. दीड महिना झाला. मी रोज फोन पाहायची. तोवर त्यांचं काम पुन्हा सुरू झालं होतं, परतवाड्याचं एक पुस्तक त्यांना मिळाल्याचं मला कळलं होतं. ते कळल्यावर मला बरं वाटलं आणि पोटात दुखलंही. दोन्ही एकदम.

मग एका दुपारी त्यांचा फोन आला.

"म्याडम, पुस्तक वाचलं. ते फुलवंतीचं पान पाच-सहा वेळा वाचलं."

मी लगेच विचारलं, "आवडलं?"

"नाही आवडलं." त्या थांबल्या. त्यांनाही थांबता येतं, माझ्याहून चांगलं येतं. "मले जमलं नसतं ते. मी मधात दोन ओळी घातल्या असत्या. राग आला तुमचा. आठ दिवस माह्याच्यानं एक ओळ लिहिणं झालं नाही."

तीस वर्षांत मला शाली पुष्कळ मिळाल्या, नारळ तर किती फोडले सांगता येत नाही. पण असा आनंद मला कुणी कधी दिला नव्हता. मी आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, "आणि आता?"

"आता लिहून राहिली," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

काय लिहून राहिल्या आहेत, ते मी विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मी एक तास लवकर उठू लागले.